यंत्राला लिहू देऊ नका, विचारू द्या



साहित्यशास्त्राच्या अभ्यासात आपण काव्यहेतूंचा विचार करतो. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन घटक सांगितले. परीक्षेत ही तीन नावे लिहून बहुतेक जण पुढे जातात आणि मम्मटाचे एक सूक्ष्म विधान निसटते. हे तीन वेगवेगळे हेतू नसून तिन्ही मिळून एकच हेतू होतो, असे तो म्हणतो. ‘हेतू’ हा शब्द त्याने मुद्दाम एकवचनी योजला आहे. शिवाय त्याला अभिप्रेत असलेला अभ्यास म्हणजे काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणीने केलेला सराव. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मत मांडताना मला हा जुना विचार उपयोगी वाटतो.

तुमच्यापैकी कोणी दिवसभर दुकानात उभे असते, कोणी अंगणवाडी सांभाळते, कोणी एस.टी.त वाहक आहे. घरचे निजल्यावर पुस्तक उघडायचे. त्या वेळी काव्य जाणणारा कोठून आणावा? अभ्यासकेंद्रावरील संमंत्रण सत्रे मोजकीच, आणि त्या दिवशी नेमकी कामाची पाळी येते. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून रात्री अकरा वाजताही उत्तर देणारे काहीतरी हाताशी आले आहे. त्याचा आधार वाटावा यात गैर काही नाही. महाविद्यालयाच्या वर्गात रोज बसणाऱ्याने तुम्हाला त्यावरून उपदेश करावा, हे मला पटत नाही.

तरीही एक अनुभव सांगतो. ‘माझ्या गावचा आठवडी बाजार’ या विषयावरील स्वाध्याय तपासताना तीन उत्तरपत्रिका लागोपाठ हाती आल्या. तिन्हींत बाजार गजबजलेला, भाज्या ताज्या आणि रंगीबेरंगी, विक्रेत्यांच्या चेहऱ्यांवर हास्य. भाषा निर्दोष होती. गाव मात्र एकाही उत्तरात नव्हते. चौथ्या उत्तरपत्रिकेत खाडाखोड होती, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. पण मेथीची जुडी पाण्यात बुडवून जड करणारी एक बाई होती, आणि ते ठाऊक असूनही तिच्याकडूनच भाजी घेणारी लेखिकेची सासू होती. मी गुण कोणाला अधिक दिले, हे सांगायला नको.

पहिल्या तिघांचे बाजार एकसारखे का झाले? ही यंत्रे प्रचंड मजकुरावरून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे शिकलेली असतात. साहजिकच सरासरीकडे त्यांची ओढ असते. त्यातही इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर त्यांना फार थोडा मिळालेला आहे. म्हणून त्यांच्या मराठीला पुष्कळदा भाषांतराचा वास येतो. मम्मटाच्या परिभाषेत बोलायचे तर ग्रंथांचे अवलोकन यंत्रापाशी अफाट आहे, लोकव्यवहाराचे अवलोकन मात्र उसने आहे. बाजारात ते कधी गेलेले नाही. तुम्ही दर आठवड्याला जाता.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण घ्या. स्वतः निरक्षर असलेल्या या कवयित्रीची खानदेशी बोलीतील गाणी घरच्यांनी उतरून ठेवली, म्हणून ती उरली. 1952 मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्या वेळी कोणी ती ‘शुद्ध’ करून छापली असती, तर आपल्या अभ्यासक्रमात आज काय राहिले असते? ‘माझा परिच्छेद सुधारून दे’ असे आपण यंत्राला सांगतो, तेव्हा नेमका हाच धोका पत्करतो. तुमची ‘सांजच्याला’ निमूटपणे ‘संध्याकाळी’ होते आणि तुमच्या ते ध्यानातही येत नाही.

म्हणून माझे मत असे की यंत्राला लेखनिक करू नये, प्रश्न विचारणारा करावे. पहिला खर्डा स्वतःच्या हाताने, कागदावर लिहा. तो वाईट असला तरी चालेल. मग तो यंत्राला देऊन सांगा: ‘यातील एकही वाक्य बदलू नकोस. वाचक म्हणून तुला जे दिसले नाही, त्याविषयी मला पाच प्रश्न विचार.’ त्यांतील दोन प्रश्न बहुधा निरर्थक असतील. उरलेल्यांपैकी एखादा मात्र वर्मी लागतो. ‘ती बाई जुडी पाण्यात बुडवते, हे सासूला कसे कळले?’ असा प्रश्न आला, की लेखिकेला थांबून आठवावे लागते, आणि आठवणे हे काम तिच्यावाचून दुसरे कोणी करू शकत नाही. उत्तरे पुन्हा हातानेच लिहावीत.

दुसरा उपयोग मला अधिक गमतीचा वाटतो, तो यंत्राच्या चुकांचा. त्याला मोठ्या अभंगाच्या छंदात चार ओळी रचायला सांगा. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. यंत्र मजकुराचे जे तुकडे पाडून वाचते, ते आपल्या अक्षरांशी जुळतीलच असे नाही. त्यामुळे मोजणीत ते अनेकदा घसरते आणि तरीही रचना अचूक असल्याचे ठामपणे सांगते. तुम्ही बोटांवर अक्षरे मोजा. जोडाक्षर एकच धरायचे. चरण कोठे वाढला, कोठे लंगडा झाला, ते शोधा आणि स्वतः दुरुस्त करा. छंदाची व्याख्या पाठ करून जो कान तयार होत नाही, तो अशा पाचदहा दुरुस्त्यांनी तयार होऊ लागतो. संतांच्या नावावर यंत्राने दिलेला चरण मात्र छापील गाथेत पाहिल्याखेरीज कधीही उद्धृत करू नका. नसलेली ओळ रचून देण्यात त्याला काडीचाही संकोच नसतो.

या रीतीने वेळ वाचत नाही, उलट अधिक लागतो. आयते उत्तर पाच मिनिटांत मिळते, आणि थकलेल्या माणसाला पाच मिनिटांचा मोह होतोच. सगळेच स्वाध्याय असे करणे तुम्हाला जमणार नाही, हे मी जाणतो. सत्रातून एक करा. तो पाठवताना खाडाखोडीचा पहिला खर्डा आणि यंत्राने विचारलेले प्रश्नही सोबत जोडा. तपासणारा मी असेन, तर तो खर्डाच आधी वाचेन.