दुसऱ्या भेटीचे काय?

झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंगात त्राण उरलेले नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. तो फॅमिली डॉक्टरकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. तिथे रक्त तपासतात, शक्तीच्या गोळ्या देतात, कधी झोपेची गोळीही लिहून देतात आणि विषय संपतो. बारा राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता यांसारखे नेहमी आढळणारे मनोविकार असलेल्या शंभरांतील सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. हा आकडा निघाला की तज्ज्ञांची पदे भरण्याची मागणी होते. ती रास्तच आहे. पण तज्ज्ञ कितीही वाढले तरी पहिली गाठ साध्या डॉक्टरशीच पडणार. त्या डॉक्टरने उपचारांची आखणी करणे आणि ठरल्या दिवशी रुग्णाला पुन्हा तपासणे, हा आरोग्यव्यवस्थेच्या कर्तव्याचा भाग झाला पाहिजे.

फेरतपासणीवर एवढा भर देण्याचे कारण या आजारांच्या औषधांतच आहे. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता मात्र आधीच जाणवू लागते. हे कुणी समजावून सांगितले नसेल तर रुग्ण आठवडाभरात गोळी सोडतो. बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागते. झोपेच्या गोळीचे नेमके उलटे: पहिल्याच रात्री आराम पडतो आणि काही आठवड्यांत सवय जडते. अल्प्राझोलाम हे औषध एच-१ अनुसूचीत आहे, त्याच्या विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. पण ती नोंद विक्रीची. गोळी आता थांबवावी की नाही, हे डॉक्टरने माणसाला समोर बसवूनच ठरवायला हवे. एक गोळी लवकर सुटते, दुसरी सुटतच नाही, आणि दोन्ही चुका दुसऱ्या भेटीत पकडता येतात.

याला गोव्यातला भक्कम पुरावा आहे. 'लॅन्सेट'मध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'मानस' चाचणीत १२ सरकारी केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने होते. मनोविकाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना आजार समजावला आणि त्यांचा पाठपुरावा केला. अवघड रुग्णांसाठी तज्ज्ञ पाठीशी होते. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत असे उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के बरे झाले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, कारण तिथे नेहमीच्या उपचारांनीही जवळपास तितकेच रुग्ण बरे झाले होते. आमच्या मते हे पाठपुराव्याच्या विरोधात जात नाही. ओळखीच्या डॉक्टरकडे रुग्ण आपणहून परत जातो. सरकारी ओपीडीत ते सातत्य मुद्दाम उभे करावे लागते.

ओपीडीत रांग लागलेली असताना डॉक्टरला वेळ कुठून मिळणार, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच सारे डॉक्टरवर टाकू नये. नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली परिचारिका भरून घेऊ शकते. न आलेल्या रुग्णाची चौकशी समुपदेशकाने करावी, त्याच्या संमतीने आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळणार नाही अशा रीतीने. दुसरा आक्षेप असा की आखणी म्हणजे आणखी एक रकानेवजा कागद होईल. ही भीती अनाठायी नाही. पण त्रास काय, आत्महत्येचे विचार येतात का, कोणता उपचार ठरला, पुन्हा कधी यायचे आणि तज्ज्ञाकडे कधी पाठवायचे, एवढे एका पानात मावते. ऑस्ट्रेलियात २००६ पासून अशी आखणी आणि तिचा आढावा हे साध्या डॉक्टरचे काम मानून सरकारी विम्यातून त्याचे पैसे दिले जातात. आपल्याकडे समजावण्यात गेलेल्या वीस मिनिटांना मोल नाही, इंजेक्शनला आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही सेवा प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावून घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. महाराष्ट्र आणि गोव्याच्या आरोग्य खात्यांनी समुपदेशकांची पदे आरोग्य केंद्रांपर्यंत न्यावीत, औषधांचा पुरवठा खंडित होऊ देऊ नये आणि जिल्ह्याच्या मासिक बैठकीत दोन प्रश्न विचारावेत: गेल्या महिन्यात नोंदलेल्यांपैकी किती जण परत आले, आणि जे आले नाहीत त्यांच्यापर्यंत कोण पोहोचले?