किलर श्रिंप

किलर श्रिंप हा गोड्या व निमखाऱ्या पाण्यात राहणारा, कोळंबीसारखा दिसणारा एक कवचधारी प्राणी आहे. त्याचे शास्त्रीय नाव डायकेरोगॅमॅरस व्हिलोसस असे आहे. काळ्या समुद्राला व कॅस्पियन समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचे खालचे प्रवाह हे त्याचे मूळ क्षेत्र होय. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो जलमार्गांनी मध्य व पश्चिम युरोपात पसरला आणि तेथील प्रमुख आक्रमक प्रजातींमध्ये गणला जाऊ लागला. एखाद्या नदीत किंवा मोठ्या जलाशयात स्थिरावल्यानंतर त्याचे निर्मूलन करण्याचा व्यवहार्य उपाय उपलब्ध नाही.

वर्णन

नावात ‘श्रिंप’ असले तरी हा प्राणी खरी कोळंबी नाही. कोळंबी दशपाद गणात मोडते, तर किलर श्रिंप अँफिपोडा गणात. त्याचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे व कमानीसारखे वाकलेले असते. लांबी सुमारे ३० मिलिमीटरपर्यंत वाढते. काही प्राण्यांच्या अंगावर पट्टे असतात, तर काही एकाच रंगाचे असतात. शेपटीकडील भागावरचे शंकूसारखे उंचवटे ही त्याची ओळखण्याची खूण आहे.

प्रसार

डॅन्यूब नदी काळ्या समुद्राला, तर ऱ्हाईन नदी उत्तर समुद्राला मिळते. जर्मनीतील माइन-डॅन्यूब कालवा १९९२ मध्ये पूर्ण झाला आणि ही दोन खोरी मोठ्या जहाजांसाठी जोडली गेली. व्यापारासाठी झालेल्या या जोडणीमुळे जलचरांमधील नैसर्गिक सीमाही नाहीशी झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत किलर श्रिंप ऱ्हाईनमध्ये आढळू लागला. पुढे जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स व पोलंडमधील नद्या-कालव्यांत तो पसरला. कॉन्स्टन्स, जिनिव्हा व गार्दा या आल्प्स परिसरातील सरोवरांतही तो पोहोचला. तेथील प्रसारात जमिनीवरून वाहून नेलेल्या नौकांचा वाटा असावा, असे मानले जाते.

ब्रिटनमध्ये तो सप्टेंबर २०१० मध्ये केंब्रिजशायरमधील ग्रॅफम वॉटर या जलाशयात प्रथम आढळला. त्याच वर्षी वेल्समध्ये, तर २०१२ मध्ये नॉरफोक ब्रॉड्स या पाणथळ प्रदेशात त्याची नोंद झाली. त्याची जवळची प्रजाती असलेला ‘डेमन श्रिंप’ २०१२ मध्ये इंग्लंडमधील सेव्हर्न नदीत सापडला. परस्परांशी जोडलेल्या नद्या-कालव्यांतून तो वेगाने पसरला. किलर श्रिंप मात्र पुढील अनेक वर्षे मोजक्याच ठिकाणी राहिला. प्रथम प्रवेश कोठे होतो यावर पुढील प्रसार किती अवलंबून असतो, हे या तुलनेवरून दिसते.

स्थिरावण्याची कारणे

हा प्राणी लवकर प्रजननक्षम होतो आणि मादी एका वेळी अनेक अंडी पोटाखालील पिशवीत वाहते. तापमान व क्षारता यांतील मोठे बदल तो सहन करतो. ओलावा असल्यास दोर, जाळी व पोहण्याच्या पोशाखाच्या घड्यांत तो पाण्याबाहेर अनेक दिवस जगतो. त्याच्याच मूळ प्रदेशातून आलेल्या झेब्रा शिंपल्यांच्या वसाहतींत त्याला आसरा मिळतो. म्हणजे एक आक्रमक प्रजाती दुसरीची वाट सुकर करते. शिवाय ब्रिटनमधील त्याच्या समूहांत युरोपखंडात त्याला ग्रासणारा एक सूक्ष्म परजीवी आढळला नाही.

परिसंस्थेवरील परिणाम

प्रयोगांत किलर श्रिंप इतर अँफिपोड, कीटकांच्या अळ्या तसेच माशांची अंडी खाताना आढळला आहे. काही वेळा तो भक्ष्य मारतो, परंतु पूर्ण खात नाही. त्याचे नाव या सवयीवरून पडले. नेदरलँड्समध्ये त्याच्या आगमनानंतर स्थानिक अँफिपोडच नव्हे, तर उत्तर अमेरिकेतून आधी आलेली एक परकी प्रजातीही मागे हटली.

तथापि, प्रत्यक्ष नद्यांत त्याच्या शरीरातील स्थिर समस्थानिकांचा अभ्यास केला असता, अनेक ठिकाणी त्याचा आहार मिश्र असून शैवाल व सेंद्रिय गाळाचा त्यात मोठा वाटा असल्याचे दिसले. त्यामुळे तो सर्वत्र केवळ शिकारीनेच हानी करतो, असे म्हणता येत नाही. अन्न व आसऱ्यासाठीची स्पर्धाही तितकीच महत्त्वाची असू शकते. पाण्यात पडलेली पाने कुरतडून त्यांतील पोषकद्रव्ये अन्नसाखळीत आणण्याचे काम स्थानिक अँफिपोड करतात. किलर श्रिंप हे काम तुलनेने कमी करतो, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून स्थानिक प्रजाती नष्ट झाल्यास तिची जागाच नव्हे, तर तिचे कार्यही रिकामे राहण्याचा धोका आहे.

प्रतिबंध

ब्रिटनमध्ये २०११ पासून ‘चेक, क्लीन, ड्राय’ ही मोहीम राबवली जाते. नौका व मासेमारीचे साहित्य तपासावे, धुवावे आणि पूर्ण वाळवावे, असे तीत सांगितले जाते. सुमारे ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात साहित्य १५ मिनिटे बुडवणे प्रभावी ठरते. जहाजांच्या संतुलनासाठी भरलेल्या पाण्यातून होणारा प्रसार रोखण्यासाठी २००४ मध्ये स्वीकारलेला आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २०१७ मध्ये अमलात आला. झेब्रा शिंपले याच प्रकारे उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्समध्ये पोहोचल्याचे मानले जाते. त्यामुळे तेथे किलर श्रिंपच्या संभाव्य आगमनाची विशेष चिंता व्यक्त होते. जलमार्ग बंद करणे शक्य नसल्याने, अजून मुक्त असलेल्या जलाशयांचे रक्षण बहुतांशी जहाजवाहतुकीच्या नियमांवर आणि पाण्याचा वापर करणाऱ्यांच्या दक्षतेवर अवलंबून आहे.