विश्लेषण : बुर्किना फासोत लष्करी उठाव का थांबत नाहीत? लष्कराचे स्वागत करणाऱ्यांच्या पदरी काय पडते?

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोच्या लष्करी राजवटीने जुलै २०२४ पर्यंत निवडणूक घेण्याचे कबूल केले होते. ती तारीख येण्याआधीच, मे २०२४ मध्ये, राजवटीने स्वतःला आणखी पाच वर्षांची मुदतवाढ दिली. तरीही कॅप्टन इब्राहिम त्राओरे यांच्या लोकप्रियतेला ओहोटी नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या, त्यांना आफ्रिकेचा तारणहार ठरवणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर लाखोंनी पाहिल्या जातात. लष्कराच्या स्वागताला रस्त्यावर येणारी गर्दी या देशाला नवी नाही. त्या गर्दीचे पुढे काय झाले, याचा इतिहास मात्र चित्रफितींत नसतो.

किती उठाव झाले?

हा देश ५ ऑगस्ट १९६० रोजी फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. तेव्हा त्याचे नाव अप्पर व्होल्टा होते. त्यानंतर १९६६, १९८०, १९८२, १९८३, १९८७ आणि २०२२ मध्ये दोनदा, असे सात लष्करी उठाव यशस्वी झाले. फसलेले वेगळे. निवडून आलेल्या एका अध्यक्षाने निवडून आलेल्या दुसऱ्या अध्यक्षाकडे शांततेत सत्ता सोपवली, असे येथे एकदाही घडलेले नाही.

पहिला उठाव लोकांनीच मागितला होता?

बऱ्याच अंशी, हो. पहिले अध्यक्ष मॉरिस यामेओगो यांनी उधळपट्टी करून तिजोरी रिकामी केली आणि मग काटकसर म्हणून सरकारी नोकरांच्या पगारात २० टक्के कपात करण्याचा घाट घातला. कामगार संघटना भडकल्या. जानेवारी १९६६ च्या सुरुवातीला राजधानी वागाडुगूत हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि लष्करानेच सत्ता हाती घ्यावी, अशी मागणी करू लागले. लेफ्टनंट कर्नल सांगुले लामिझाना यांनी ती मान्य केली. गेले ते थेट १९८० मध्ये, तेही दुसऱ्या उठावात.

मात्र लामिझाना यांना एकपक्षीय राजवट आणता आली नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप पुकारून तो बेत हाणून पाडला. शेतीवर जगणाऱ्या, उद्योग जेमतेम असलेल्या देशात शिक्षक, कारकून, रेल्वे कामगार यांच्या संघटना एवढ्या प्रबळ असणे ही आफ्रिकेतील दुर्मीळ गोष्ट होती. बुर्किना फासोचा इतिहास केवळ बराकींचा इतिहास नाही, तो याचमुळे.

१९८० मध्ये शिक्षकांचा दीर्घ संप चिघळला आणि कर्नल सेय झेर्बो यांनी लामिझाना यांना हटवले. संघटनांनी याही वेळी सुटकेचा निःश्वास टाकला. वर्षभरातच झेर्बो यांनी संपाचा हक्क गोठवला.

मग संकारांचे काय?

त्राओरे स्वतःला ज्यांचा वारसदार म्हणवतात ते कॅप्टन थॉमस संकारा १९८३ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी सत्तेवर आले. त्राओरेही कॅप्टन, सत्ता घेतली तेव्हा वय ३४. तुलना आपसूकच होते. संकारा यांनी देशाला ‘ताठ मानेच्या माणसांची भूमी’ या अर्थाचे बुर्किना फासो हे नाव दिले. अवघ्या काही आठवड्यांत सुमारे २५ लाख मुलांचे लसीकरण केले, मंत्र्यांच्या आलिशान मोटारी विकून त्यांना छोट्या गाड्यांत बसवले. स्वतःच्या साध्या राहणीबद्दल त्यांच्या विरोधकांनाही शंका नव्हती.

पण १९८४ मध्ये संपावर गेलेल्या हजाराहून अधिक शिक्षकांना याच संकारांनी नोकरीवरून काढून टाकले. वर्गात त्यांच्या जागी क्रांतीचे समर्थक बसवले गेले. आजच्या संकाराप्रेमात हा तपशील सोयीस्करपणे गाळला जातो.

१५ ऑक्टोबर १९८७ रोजी संकारांची हत्या झाली आणि त्यांचे मित्र ब्लेझ कॉम्पाओरे सत्तेवर आले. या हत्येत सहभागाबद्दल लष्करी न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली, ती एप्रिल २०२२ मध्ये, त्यांच्या गैरहजेरीत.

कॉम्पाओरे २७ वर्षे कसे टिकले?

त्यांनी लष्कराला मुद्दाम कमकुवत ठेवले आणि अध्यक्षीय सुरक्षा दल पोसले. सुमारे १३०० सैनिकांच्या या दलाला उत्तम शस्त्रे, चांगला पगार; बाकीचे लष्कर भत्त्यांसाठी बंड करणारे. उठावापासून बचावाचा हा उपाय राजाला वाचवतो, देशाला नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये कार्यकाळाची मर्यादा हटवण्याचा प्रयत्न कॉम्पाओरेंच्या अंगाशी आला. जमावाने संसद पेटवली आणि ते आयव्हरी कोस्टला पळाले. ‘नागरिकांचा झाडू’ अशा अर्थाचे नाव धारण करणारी तरुणांची चळवळ या आंदोलनात अग्रभागी होती. सप्टेंबर २०१५ मध्ये सुरक्षा दलाने उठाव केला, तेव्हा हेच तरुण विरोधात उभे राहिले. राजधानीबाहेरच्या तुकड्याही वागाडुगूवर चालून आल्या आणि आठवडाभरात उठाव कोसळला. देशाच्या इतिहासातील हा सर्वांत आश्वासक क्षण म्हणायला हवा.

२०२२ मध्ये पुन्हा उलटी दिशा का?

सुरक्षा दल बरखास्त झाले, पण त्याच्या जागी सक्षम लष्कर उभे राहिले नाही. मालीतून आलेल्या जिहादी गटांपुढे उत्तरेकडील गावे एकेक करून पडू लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये इनाता येथील तळावर झालेल्या हल्ल्यात ५० हून अधिक जण मारले गेले, बहुतेक निमलष्करी जवान. रसद न पोहोचल्याने ते दोन आठवडे शिकार करून पोट भरत होते, हे उघड झाल्यावर निवडून आलेले अध्यक्ष रॉक काबोरे यांच्याबद्दलची उरलीसुरली सहानुभूती संपली. जानेवारी २०२२ मध्ये पॉल-हेन्री दामिबा यांनी त्यांना हटवले. सप्टेंबरमध्ये त्राओरे यांनी दामिबांना. कारण दोन्ही वेळा एकच : सुरक्षा.

मग सुरक्षा आली का?

नाही. फ्रेंच सैन्य परत गेले, मालीशी आणि नायजरशी आघाडी झाली, रशियाशी जवळीक वाढली, पण २० लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये बारसालोगो येथे शहराभोवती खंदक खणायला लावलेल्या नागरिकांवर जिहादींनी गोळ्या झाडल्या; किमान १३३ जण ठार झाले. त्याआधी फेब्रुवारीत दोन गावांत २२३ नागरिकांना लष्करानेच मारल्याचा आरोप ह्युमन राइट्स वॉच या संघटनेने केला आहे. फ्रान्सवरचा राग रास्त आहे. पण तो बारसालोगोच्या प्रश्नाचे उत्तर ठरत नाही.

विरोध करणाऱ्यांचे काय होते?

एप्रिल २०२३ च्या सार्वत्रिक सैन्यभरतीच्या आदेशाचा वापर टीकाकारांना आघाडीवर धाडण्यासाठी होऊ लागला. सत्तरीतील माजी परराष्ट्रमंत्री अब्लासे वेद्राओगो यांनाही गणवेश चढवण्यात आला. ‘झाडू’ चळवळीचे सहसंस्थापक वकील गी हेर्वे काम यांना जानेवारी २०२४ मध्ये विमानतळावरून उचलले गेले. याच चळवळीतील दोघांची सक्तीची भरती वागाडुगूतील न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बेकायदा ठरवली होती. फेब्रुवारीत त्यांना तरीही नेण्यात आले. ऑगस्टमध्ये राजवटीच्या समर्थकांविरुद्धची प्रकरणे हाताळणाऱ्या किमान सात न्यायाधीश व सरकारी वकिलांच्या हातीही भरतीचे आदेश पडले.