पाहुण्याची वाट आणि घरच्यांची बस

'अतिथी देवो भव' हे वचन आपण शाळेपासून पाठ करत आलो आहोत. पण देव एकटादुकटा आला तर त्याची पूजा होते. तोच थव्याथव्याने रोज येऊ लागला तर घरच्या माणसांनी बसायचे कुठे? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण स्पेनमधल्या भूमध्य समुद्राकाठच्या बार्सिलोना शहरात तो अगदी गंभीरपणे विचारला गेला आहे, आणि तोही बसच्या थांब्यावर!

हे प्रवासवर्णन नव्हे, हे आधीच सांगते. मी बार्सिलोना पाहिलेले नाही. भूगोलाच्या तासाला नगररचना शिकताना या शहराच्या नकाशाशी ओळख झाली आणि मग मिळेल तिथून त्याच्याविषयी वाचत गेले. वाचता वाचता जो विचार मनात पक्का झाला, तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखनाचा हेतू.

परक्या माणसाला फिरायला इतके सोपे शहर क्वचितच असेल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कोल्सेरोलाचे डोंगर, आणि मधल्या सुमारे 100 चौरस किलोमीटरांत सोळा लाखांहून अधिक वस्ती! जुने शहर तटबंदीच्या आत कोंडलेले होते. 1854 मध्ये तो तट पाडायला सुरुवात झाली आणि 1859 मध्ये इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याचा नवा आराखडा मंजूर झाला. 113 मीटर लांबीरुंदीचे चौकोन, मधून 20 मीटर रुंदीचे रस्ते, आणि प्रत्येक चौकोनाचे कोपरे छाटलेले. त्यामुळे प्रत्येक चौक मोकळाढाकळा झाला. कोंदट वस्तीत राहणाऱ्या कष्टकऱ्यांनाही उजेड आणि वारा मिळावा, ही सेर्दाची तळमळ होती. या भागाला 'एशाम्प्ला', म्हणजे 'विस्तार', असे नाव आहे.

तिथे पत्ता सांगण्याची रीत मला फार आवडली. लोक पूर्व-पश्चिम म्हणत नाहीत. 'समुद्राकडे' आणि 'डोंगराकडे' असे म्हणतात. आडव्या दिशेला बेझोस आणि ल्योब्रेगात या दोन नद्यांची नावे घेतात. आमच्या गावात 'वरची आळी' आणि 'खालची आळी' म्हणतात, तशातलीच ही रीत! जमीन डोंगराकडून समुद्राकडे उतरत जाते, त्यामुळे वाट चुकलेल्याला पायच दिशा सांगतात. 2012 ते 2018 या काळात तिथली बसव्यवस्था याच चौकटीवर नव्याने बसवण्यात आली. 'व्ही' अक्षराच्या बस डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये धावतात, 'एच' अक्षराच्या किनाऱ्याला समांतर, आणि 'डी' अक्षराच्या तिरप्या. अशा मिळून 28 वाटा. अक्षर पाहिले की दिशा कळली!

मेट्रो तर 1924 पासून आहे. 'टी-कॅज्युअल' नावाच्या तिकिटावर एका माणसाला दहा प्रवास करता येतात आणि एका प्रवासात सव्वा तासाच्या आत मेट्रोतून बसमध्ये, बसमधून मेट्रोत असे बदलताही येते. विमानतळावरच्या मेट्रो स्थानकांना मात्र हे तिकीट चालत नाही. तिथून एस्पान्या चौकात येणाऱ्या 46 क्रमांकाच्या साध्या बसला ते चालते. 'बिसिंग' नावाच्या सार्वजनिक सायकली 2007 पासून आहेत. पण त्या शहरात राहणाऱ्यांसाठी, पाहुण्यांसाठी नाहीत. हा नियम वाचून आधी मला तो कद्रूपणा वाटला होता. आता वाटत नाही. त्याचे कारण म्हणजे 116 क्रमांकाची बस.

ही एक लहानशी बस. डोंगराच्या बाजूला चढावावर वसलेल्या ला सालुत या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून ती जाते. बाजारहाट करून परतणारी, गुडघे धरून चढणारी म्हातारी माणसे हे तिचे खरे प्रवासी. पण तिच्या वाटेजवळच गाउदीने रचलेले पार्क ग्वेल हे जगप्रसिद्ध उद्यान आहे. पाहुण्यांनी मोबाईल उघडून वाट विचारली की तो म्हणे, 116 घ्या. झाले! बस पाहुण्यांनी भरू लागली आणि वस्तीतली म्हातारी माणसे थांब्यावर उभी राहू लागली. रहिवाशांनी तक्रारी केल्या, आणि अखेर 2024 मध्ये महापालिकेने प्रयत्न करून ती बस मोबाईलच्या नकाशावरून काढून टाकायला लावली. बस धावतच राहिली; दिसेनाशी झाली ती फक्त नकाशावरून.

इतिहासाची गंमत पाहा. हे पार्क ग्वेल मुळात श्रीमंतांची वसाहत म्हणून 1900 च्या सुमारास सुरू झाले आणि तो बेत फसला. तिथवर पोहोचायला नीट वाहन नव्हते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. पुढे 1926 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. एके काळी वाहन नाही म्हणून जिथे कुणी घर घेईना, तिथल्या रहिवाशांना पुढे वाहन असून जागा मिळेना!

आता कुणी म्हणेल, माहिती लपवणे हा कुठला न्याय? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. कुठला फॉर्म कुठल्या खिडकीवर द्यायचा, सवलत कुठे मागायची, हे सांगणारे घरी कुणी नव्हते. माहिती नसली म्हणजे माणूस कसा दारातच अडतो, हे मला पुरते ठाऊक आहे. म्हणून माहिती दडवण्याचे समर्थन मी सहजासहजी करणार नाही.

पण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आमच्या गावाला दिवसातून तीनदा एस.टी. येते. यात्रेच्या दिवसांत ती खालच्या फाट्यावरच भरून येते. दवाखान्याला निघालेली आजी हात दाखवत उभी राहते आणि गाडी तिच्या अंगावर धुरळा उडवून निघून जाते. यात्रेकरूंचा काही दोष नसतो. ते भाविक असतात, तिकीट काढून बसलेले असतात. तरी आजीचा दवाखाना बुडतोच! यात्रा दोनचार दिवसांची. ला सालुतमध्ये ती बारमाही भरली होती.

म्हणून मला वाटते, 116 च्या बाबतीत पालिकेने केले ते योग्यच केले. कारण पाहुण्याला दुसरी वाट होती. तिसऱ्या क्रमांकाच्या मेट्रोने लेसेप्स किंवा वाल्कार्का स्थानकाला उतरावे आणि थोडे चालावे. वाल्कार्काच्या बाजूने चढावावर रस्त्यातच सरकते जिनेसुद्धा आहेत. 2024 च्या उन्हाळ्यात पालिकेने पाहुण्यांसाठी वेगळ्या जलद बसही सुरू केल्या. शिवाय 116 मध्ये चढायला कुणालाही बंदी नाही. ज्याचे पाय खरोखर अधू आहेत, त्याने थांब्यावर कुणाला विचारावे. पाहुण्याला वाट असते, सवडही असते. म्हातारीला ती एकच बस असते. ज्याच्याकडे पर्याय आहे त्याने सरकून घ्यावे, हा साधा न्याय आहे.

मात्र याहून पुढे जाणे मला मान्य नाही. जुलै 2024 मध्ये तिथे गर्दीविरुद्ध मोर्चा निघाला, तेव्हा काही जणांनी हॉटेलांबाहेर बसलेल्या पाहुण्यांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. राग समजू शकतो. पण जेवत्या माणसावर पाणी उडवून कुणाचे घरभाडे कमी होत नाही. पाहुण्यांना राहायला देण्याच्या सुमारे दहा हजार घरांचे परवाने 2028 पर्यंत संपवण्याचा निर्णय पालिकेने जाहीर केला आहे. उपाय शोधायचा तर तो असा, नियमाच्या वाटेने शोधावा.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी, जमले तर हौसेनेही परगावी, परदेशी जातील. तिथली स्थळे कोणती पाहायची हे सांगणारे ढीगभर लोक भेटतील. मला सांगायचे आहे ते इतकेच. ज्या बसमध्ये आपण चढतो ती कुणाच्या तरी घराचा जिना असते. जवळ असेल तर चालावे, दूर असेल तर मोठ्या वाहनाने जावे, आणि चढावाच्या लहान बसमध्ये शिरण्याआधी मागे कोण उभे आहे ते एकदा पाहावे. तिकिटाच्या पैशात प्रवास मिळतो. दुसऱ्याची जागा त्यात मिळत नाही.