लोकवर्गणीच्या गणिताचा जमाखर्च

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी अंकगणिताच्या दप्तरात एक नवी नोंद झाली. दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यातून एक वजा केला असता जी संख्या उरते ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. दशमान पद्धतीने ती लिहावयाची तर ४,१०,२४,३२० अंक लागतात. आदल्या दिवशी डब्लिन येथील एका यंत्राने ती बहुधा मूळ असावी असा कौल दिला होता. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथील यंत्राने निराळ्या रीतीने गणित करून त्यावर शिक्कामोर्तब केले. शोधकर्ते ल्यूक ड्युरांट यांचे आणि संख्येच्या प्रचंड लांबीचे कौतुक जगभर झाले, आणि ते यथायोग्यच होते. परंतु ज्या बाजूकडे त्या कौतुकाच्या भरात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि माझ्या मते जी बाजू संख्येपेक्षाही अधिक मोलाची आहे, ती म्हणजे या शोधामागील काटकसरीचे शास्त्र.

अशा संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच संन्यासी मारँ मर्सेन यांचे नाव मिळाले आहे. त्यांचा पद्धतशीर शोध घेण्यासाठी जॉर्ज वॉल्टमन या अमेरिकन आज्ञावलीकाराने १९९६ च्या जानेवारीत ‘गिम्प्स’ या नावाने ओळखला जाणारा उपक्रम आरंभिला. ज्याच्या घरी संगणक आहे आणि तो दिवसाचा पुष्कळसा वेळ स्वस्थ बसून असतो, अशा कोणीही वॉल्टमन यांची ‘प्राइम९५’ ही आज्ञावली उतरवून घ्यावी, मध्यवर्ती दप्तराकडून एक घातांक वाटून घ्यावा आणि त्याची परीक्षा करून निकाल परत धाडावा, अशी ही साधी तजवीज होती. तिच्या बळावर आजवर अठरा मर्सेन मूळ संख्या हाती आल्या. या उपक्रमाला पगारी नोकरांचा ताफा नाही. त्याचे भांडवल म्हणजे सहस्रावधी अनोळखी माणसांनी आपखुशीने दिलेला यंत्रांचा वेळ आणि त्या वेळापोटी त्यांनी आपल्या खिशातून भरलेले विजेचे देयक. लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेच्या खजिनदाराने पै-पैचा हिशेब ठेवणे हा जसा त्याच्या औदार्याचा भाग नसून त्याच्यावरील बंधनच असते, तसेच अशा उपक्रमासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यावरही बंधन असते, असे माझे स्पष्ट मत आहे. आज्ञावलीचा वेग वाढविणे हा येथे हौसेचा किंवा स्पर्धेचा विषय राहत नाही. तो सचोटीचा विषय होतो.

या बंधनाचे गांभीर्य कळण्यासाठी मूळ परीक्षा काय आहे हे पाहिले पाहिजे. फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी शोधलेली आणि पुढे विसाव्या शतकात डी. एच. लेमर यांनी परिष्कृत केलेली ती रीत इतकी सोपी आहे की शाळकरी मुलासही समजावी. आरंभी चार घ्यावेत. त्यांचा वर्ग करून त्यातून दोन वजा करावेत. आलेल्या उत्तरास परीक्ष्य संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी. मग त्या बाकीचा पुन्हा वर्ग करावा, आणि घातांकापेक्षा दोनाने कमी इतक्या वेळा हाच क्रम चालवावा. अखेर बाकी शून्य उरली तर ती संख्या मूळ. सात ही संख्या म्हणजे दोनाचा घन वजा एक. तिच्यासाठी एकच फेरी पुरते, कारण चारांचा वर्ग सोळा, त्यातून दोन गेले की चौदा, आणि चौदांस सातांनी भागता बाकी शून्य. परंतु २०२४ च्या संख्येसाठी याच फेऱ्या १३,६२,७९,८३९ होतात, आणि प्रत्येक फेरीत कोट्यवधी अंकांच्या संख्येचा वर्ग करावा लागतो. शिवाय मागील फेरीचे उत्तर आल्यावाचून पुढील फेरीस हात घालता येत नसल्यामुळे या फेऱ्या दहा यंत्रांना वाटूनही देता येत नाहीत. अशा स्थितीत आज्ञावलीकाराने प्रत्येक फेरीत सेकंदाचा केवळ एक सहस्रांश वाचविला, तरी एका परीक्षेमागे सुमारे ३८ तास वाचतात. आणि परीक्षा एक नसून लक्षावधी आहेत.

ही बचत कोठून येते, याचा इतिहास उद्बोधक आहे. शाळेत शिकविलेल्या रीतीने गुणाकार करावयाचा तर, चौसष्ट द्विमान अंकांचा एक गट धरूनही, वरील संख्येच्या एकाच वर्गासाठी सुमारे साडेचार लाख कोटी लहान गुणाकार करावे लागतील, आणि सममितीचा लाभ घेतला तरी त्यांच्या निम्मे उरतीलच. या संकटातून सुटका केली ती फूरिये रूपांतराने. संख्येचे तुकडे करून त्यांचे तरंगांत रूपांतर करावे, त्या रूपात पदशः वर्ग करावा आणि मग उलट रूपांतराने मूळ रूपात परतावे, असे केले असता तेच काम शंभर कोटींच्या आसपास प्राथमिक क्रियांत उरकते, म्हणजे श्रम सहस्रावधी पटींनी घटतात. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी हे रूपांतर शीघ्र करण्याची रीत सर्वमान्य केली. १९७१ मध्ये श्योनहागे आणि स्ट्रासेन यांनी तिच्या आधारे प्रचंड संख्यांच्या गुणाकाराचा पाया घातला. आणि १९९४ मध्ये रिचर्ड क्रँडल व बॅरी फॅगिन यांनी खास मर्सेन संख्यांसाठी अशी युक्ती काढली की, रूपांतरात जी निम्मी जागा केवळ शून्यांनी भरून ठेवावी लागत असे ती भरण्याची गरजच उरली नाही आणि भागून बाकी काढण्याचे कामही आपोआप साधले. एकही नवे यंत्र विकत न घेता अर्धे ओझे उतरले. कागदावर झालेल्या विचाराने विजेची एवढी बचत केल्याची उदाहरणे फार थोडी असतील.

परंतु रीत सापडली म्हणजे काम संपले असे नाही. रीत आणि यंत्र यांची गाठ घालून देणारी कारागिरी त्यानंतर सुरू होते. वॉल्टमन यांनी आपल्या आज्ञावलीचा गाभा यंत्राला अगदी जवळच्या अशा असेंब्ली भाषेत हाताने लिहिला, आणि प्रक्रियकांच्या प्रत्येक नव्या पिढीबरोबर, तिच्या नव्या आज्ञांचा लाभ घेण्यासाठी, तो पुन्हा पुन्हा लिहिला. चलबिंदू (फ्लोटिंग-पॉइंट) गणिताच्या एका शब्दात त्रेपन्न द्विमान अंकांची अचूकता असते; त्यात संख्येचे अठराएक अंकच भरावे लागतात, कारण अधिक भरले तर निकटीकरणाची चूक उत्तरात शिरते आणि कमी भरले तर रूपांतर लांबते. त्यातही आजची खरी अडचण गुणाकारात नाही, ती स्मृतीशी होणाऱ्या देवघेवीत आहे. या आकाराच्या परीक्षेत एका फेरीची सामग्री सुमारे सहा कोटी बाइट भरते. पुष्कळशा घरगुती प्रक्रियकांच्या जवळच्या कोठारात ती मावत नाही. म्हणून ती दूरच्या स्मृतीतून आणावी लागते, आणि तेवढा वेळ वेगवान प्रक्रियक हात बांधून बसतो. यासाठी सामग्री अशा क्रमाने मांडावयाची की ती थोडक्या हेलपाट्यांत आत यावी आणि एकदा आत आली की तिच्यावरील सारे संस्कार तेथेच उरकावेत, ही आज्ञावलीकाराची खरी कसोटी होय.

वेगाइतकेच महत्त्व विश्वासार्हतेला आहे, आणि हा भाग सामान्यतः उपेक्षिला जातो. आठवडाभर अखंड चाललेल्या गणितात स्मृतीतील एक अंक जरी उलटला तरी सारा निकाल कुचकामी ठरतो, आणि तो कुचकामी ठरला आहे हे वरून कळतही नाही. म्हणून वर्षानुवर्षे असा दंडक होता की प्रत्येक परीक्षा दुसऱ्या स्वयंसेवकाने दुसऱ्या यंत्रावर आरंभापासून पुन्हा करावी, म्हणजे दान दिलेल्या वेळाचा जवळजवळ अर्धा भाग केवळ खातरजमेत खर्ची पडत असे. २०१७ मध्ये रॉबर्ट गेर्बिच यांनी अशी तपासणी सुचविली की, फर्माच्या प्रमेयावर आधारलेली निराळी परीक्षा चालविताना अत्यल्प जादा श्रमात चूक त्वरित पकडली जावी आणि गणित शेवटच्या निर्दोष टप्प्यापासून पुन्हा सुरू व्हावे. पुढे २०१८ मध्ये क्रिश्तॉफ पिएत्झाक यांनी गूढलेखनशास्त्रासाठी मांडलेली एक कल्पना २०२० मध्ये या कामी लावण्यात आली. तिच्यामुळे स्वयंसेवकाचा संगणक निकालाबरोबर त्याचा पुरावाही धाडतो, आणि तो पुरावा पडताळण्यास मूळ कामाच्या एक टक्क्याहूनही कमी श्रम लागतात. माझ्या दृष्टीने या उपक्रमाच्या इतिहासातील सर्वांत मोठी बचत हीच, आणि ती प्रक्रियकाचा वेग तिळमात्र न वाढविता झाली.

याच्याही आधीची बचत म्हणजे जे करावयास नको ते न करणे. मर्सेन संख्येचा घातांक विषम मूळ असेल तर तिचा प्रत्येक विभाजक घातांकाच्या एखाद्या सम पटीहून एकाने अधिक असतो, आणि आठांनी भागता त्याची बाकी एक किंवा सात उरते. तेव्हा लहान विभाजकांचा शोध आधी घेतला की असंख्य घातांक लांब परीक्षेविनाच निकालात निघतात. हे चाळणीचे काम चित्रप्रक्रियकांना (जीपीयू) विशेष साधते, म्हणून ते त्यांच्याकडे सोपविले गेले. ज्याचे काम त्याला, हे तत्त्व येथेही खरे ठरते.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, यंत्रे दरवर्षी वेगवान होत असताना आज्ञावलीवर एवढा खल कशाला करावा? याला आकडेच उत्तर देतात. या उपक्रमातील पहिली मूळ संख्या १९९६ च्या नोव्हेंबरात सापडली. तिचा घातांक १३,९८,२६९ होता. २०१७ च्या डिसेंबरात सापडलेल्या संख्येचा घातांक ७,७२,३२,९१७ होता, म्हणजे सुमारे ५५ पट. घातांक दुप्पट झाला की श्रम चौपटीहून अधिक वाढतात. तेव्हा त्या एकवीस वर्षांत एका परीक्षेचे श्रम तीन हजार पटींच्याही पुढे गेले, आणि तरीही ते गणित एका साध्या घरगुती संगणकावर सहा दिवसांत पुरे झाले. यंत्राने आपला वाटा उचलला हे खरेच. परंतु रीतीने आणि कारागिरीने आपला वाटा उचलला नसता तर ती संख्या आजही आपल्या आवाक्याबाहेर असती.

दुसरा आक्षेप उपयुक्ततेचा. चार कोटी अंकांच्या संख्येचा व्यवहारात कोणताही प्रत्यक्ष उपयोग नाही, हे निःसंकोच मान्य करावे. गूढलेखनास लागणाऱ्या मूळ संख्या काही शे अंकांच्याच असतात. परंतु मूळ संख्यांच्या शोधासाठी घडविलेल्या साधनांचा उपयोग निर्विवाद आहे. १९९४ मध्ये टॉमस नाइसली हे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांचे गणित करीत असताना पेंटियम प्रक्रियकातील भागाकाराचा दोष उघडकीस आला. आणि २०१६ च्या आरंभी इंटेलच्या स्कायलेक प्रक्रियकातील एक दोष प्राइम९५ चालवितानाच ध्यानात आला व कंपनीला त्यावर दुरुस्ती द्यावी लागली. यंत्राची शक्ती शेवटच्या थेंबापर्यंत वापरणारी आज्ञावलीच त्या यंत्राची सर्वांत कठोर परीक्षक ठरते.

मात्र या उत्साहाला मर्यादेचे भान हवे. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या दूरध्वनी कंपनीच्या अडीच हजारांवर संगणकांवर ही आज्ञावली परवानगीवाचून चालविली गेली आणि प्रकरण पोलीस तपासापर्यंत गेले. जे आपले नाही ते दान देता येत नाही, हा साधा न्याय गणितालाही लागू आहे. तसेच रिकामा संगणक फुकटचा असतो हा समजही सोडून दिला पाहिजे. आधुनिक प्रक्रियक स्वस्थ असताना वीज फार कमी घेतो आणि पूर्ण राबला की कित्येक पट अधिक घेतो; आपल्याकडे ती वीज पुष्कळ अंशी कोळशातून येते. म्हणून अशा उपक्रमाने दात्याला त्याच्या खर्चाची कल्पना आधी द्यावी, आणि दात्यानेही आपल्या घरच्या मीटरकडे पाहून मगच मंजुरी द्यावी.

आपल्या शिक्षणाकडे वळून मी दोन शब्द लिहितो. भारताला या क्षेत्राची परंपरा नाही असे नाही. संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी काळात निश्चितपणे ठरविणारी रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनीच जगाला दिली. ती सिद्धांताचा कळस होय; तरी मर्सेन संख्यांच्या प्रत्यक्ष परीक्षेत ल्यूका-लेमर रीतच कितीतरी शीघ्र ठरते, आणि सिद्धांत व व्यवहार यांतील हे अंतर प्रत्यक्ष मोजून पाहिल्यावाचून विद्यार्थ्याला कळत नाही. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, प्रत्येक विद्यार्थ्याकडून एकदा तरी मोठ्या संख्येचा वर्ग शालेय रीतीने आणि फूरिये रूपांतराने, असा दोन्ही रीतींनी करवून घ्यावा, दोहोंचा वेळ आणि वीज मोजवावी, आणि उत्तराच्या अचूकतेइतकेच गुण त्या मोजमापाला द्यावेत. आज्ञावली चालली म्हणजे झाले, ही वृत्ती विद्यार्थिदशेतच मोडली पाहिजे; कारण उद्या त्याची आज्ञावली लक्षावधी लोकांच्या यंत्रांवर चालेल आणि तिच्या प्रत्येक दिरंगाईचे देयक ते लोक भरतील.

आणि ज्या वाचकाला अशा उपक्रमास आपला संगणक द्यावासा वाटेल, त्याने तो अवश्य द्यावा. परंतु देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. यंत्र माझ्या मालकीचे आहे काय? माझ्या निकालाची पडताळणी होणार आहे काय? आणि माझ्या विजेच्या एका युनिटामागे ही आज्ञावली तिच्या जातीतील इतरांपेक्षा अधिक काम करते काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली, तरच ते दान सत्पात्री पडेल.