सरपंच काही गळाला लागेना!

मंडळी, आधी एक कबुली. लंच ब्रेकमध्ये एक्सेल शीट मिनिमाइज करून मी माशांचे व्हिडिओ बघतो. बास नावाचा मासा, आणि त्याच्यामागे वेडे झालेले अमेरिकन. 1932 साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरीने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा बास पकडला. त्याची बरोबरी व्हायला 2009 उजाडलं, तीही जपानच्या बिवा सरोवरात. आपल्याकडे मात्र ‘बास’ म्हणजे पुरे! मग आपण गप्प बसायचं? छे. आपल्याकडे मरळ आहे, बॉस.

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे तुम्ही ऐकलं असेलच. त्या परभणीच्या जिंतूर तालुक्यात माझ्या मामाचं गाव. सगळे येलदरी धरण बघायला जातात, माझा इंटरेस्ट मात्र गावामागच्या पाझर तलावात. बहात्तरच्या दुष्काळात गावकऱ्यांनी मजुरीवर खोदलेला. कडेला बेशरमाची झुडपं, एका कोपऱ्यात पानकणीस, आणि आत ‘सरपंच’. मोठ्ठा मरळ. ही पदवी गावाने दिलीय. कारण विचारलं तर मामा म्हणाला, “दिसतो समद्याला, घावत कुणालाच नाही.”

पहिल्या वेळी मी फुल तयारीनिशी गेलो. सात फुटी रॉड, रील, पांढराशुभ्र टी-शर्ट, महागडे बूट. दोन दिवसांत मिळालं काय, तर शेवाळ. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे भोईकाका काठावर येऊन बसले. (गावतलावांमधल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो. त्यांना न विचारता गळ टाकू नका, प्लीज. मी विचारलं होतं.) काका म्हणाले, “धाडधाड चालायलास, वरून ढवळा शर्ट. त्याला काय कळंना व्हय?”

तर पहिला फंडा, दबून राहा. माशाला पाण्यातली कंपनं अंगावरच्या रेषेतून जाणवतात, काठावर आपटलेला पायसुद्धा. मळकट कपडे घाला, खाली बसा, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका.

दुसरा फंडा म्हणजे नुसतं बघत बसा. मरळाचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. डोक्यात हवा घ्यायची वेगळी सोय असते आणि त्यासाठी त्याला वर यावंच लागतं. वर येऊ दिलं नाही तर हा मासा चक्क बुडून मरतो! त्यामुळे गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो मजेत राहतो, तळं आटलं तर ओल्या चिखलात तग धरतो. आपल्या फायद्याची गोष्ट एवढीच की तो वर येऊन ‘गुळ्ळप’ करतो आणि पत्ता देतो. सरपंचाचा पत्ता पानकणसाच्या डाव्या अंगाला होता. हे कळायला माझी आख्खी सकाळ गेली. मीटिंगमध्ये इतकं लक्ष दिलं असतं तर आज मॅनेजर असतो.

आमिष? गावात जिवंत बेडूक लावतात. मला ते जमत नाही, मी रबरी बेडूक वापरतो. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो वनस्पतींवरून अडकल्याशिवाय सरकतो. पत्त्याच्या थोडं पलीकडे टाका, टुणुक-टुणुक आणा, मध्येच थांबवा. मरळ दबा धरून बसणारा गडी. पाणी फुटलं की आपला हात आपोआप झटका देतो आणि इथेच नव्वद टक्के लोक हरतात. मनात दोन आकडे मोजा, त्याला बेडूक तोंडात घेऊन वळू द्या, मग जोरदार हिसका. तोंड हाडाचं असतं, लाजून ओढलंत तर गळ रुतत नाही.

एवढं शिकून गेल्या आषाढात पुन्हा गेलो. परभणीकरांचं आणि मरळाचं नातं या दिवसांत तसंही घट्ट. 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि मृग लागला की दम्यासाठी मरळाचं जिवंत पिल्लू गिळायला हैदराबादला लोटणाऱ्या गर्दीत इकडची माणसंही असतात. (गुण येतो याचा वैद्यकीय पुरावा नाही. पण तेलंगणाने मरळालाच राज्यमासा केलंय.)

पाण्यावर एके ठिकाणी पावसाचे थेंब पडल्यासारखं थरथरत होतं. पाऊस नव्हता. नीट पाहिलं, तर केशरी पिल्लांचा गोळा, शेकडो असतील, हवा घ्यायला एकदम वर येणारी. मरळ पावसाळ्यात अंडी घालतो आणि आईबाप पिल्लांची राखण करतात. त्या गोळ्यात काहीही पडलं तर खालून हल्ला होणारच, भूक असो नसो. सगळ्यात खात्रीची युक्ती हीच. मला ते माहीत होतं. तरी टाकला.

पाणी फुटलं. एक, दोन, हिसका. पाच मिनिटांत सरपंच काठावर! हाताच्या लांबीचा, काळाभोर, अंगावर पांढरे ठिपके. मामा नाचायलाच लागला. मामीने तर सकाळीच वाटण वाटून ठेवलं होतं.

मी फोटोसाठी मोबाइल काढला आणि मागे पाहिलं. पिल्लांचा गोळा फुटून पसरला होता. बेशरमाच्या फांदीवरून खंड्या सुटला, एक घेऊन गेला, परत आला. दुसरं.

गळ काढायला हात थरथरत होते, तो मरळ निसटता राहता राहत नव्हता. पाण्यात सोडला तेव्हा फोटो काढायचाच राहून गेला.

“सोडलास? कामून?” मामा ओरडला. भोईकाका काहीच बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले. रात्री त्याच वाटणात मामीने अंडी सोडली. मामा माझ्याशी न बोलता जेवला.

सकाळी निघण्याआधी तळ्यावर जाऊन आलो. केशरी गोळा होता. कालच्यापेक्षा लहान. आणि त्याच्या खाली काहीतरी काळं हललं.

पिल्लं मोठी होऊन पांगली की आईबापांची राखण संपते. दिवाळीच्या रजेचा मेल बॉसला पाठवलाय. रबरी बेडूक बॅगेतच आहे.