लाइन शे का?

गणेशोत्सवात आपल्या मंडळाने मुलांची ‘शुद्ध मराठी’ स्पर्धा घेतली. दोन मिनिटे बोलायचे, इंग्रजी शब्द आला की घंटा आणि एक गुण वजा. माझी मुलगी सुट्टीतल्या आमच्या गावाबद्दल, खानदेशातल्या दोंडाईच्याबद्दल बोलत होती. ‘लाइन गेली की आजी ओट्यावर खाट टाकते,’ म्हणाली आणि घंटा वाजली. गुण गेला त्याचे काही नाही. पण परीक्षकांनी वर तिला समजावले, की लाइन म्हणजे रांग, विजेला इंग्रजीतसुद्धा कोणी लाइन म्हणत नाही. म्हणजे पोरीचे मराठीही चुकले आणि इंग्रजीही!

अहो, इंग्रजीत म्हणत नाहीत, मग तो शब्द झाला कोणाचा?

सुरत-भुसावळ रेल्वे दोंडाईच्यावरून जाते, तीही लाइनच. मुलगा सायन्सला की कॉमर्सला हे विचारायचे तर ‘कोणत्या लाइनला टाकलं?’ मिरचीचा व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याची ओळख ‘आपल्याच लाइनीतला’ अशी करून देणार. वाया चाललेला पोरगा लग्नानंतर लाइनीवर येतो. लग्नाआधी कॉलेजच्या फाटकाशी उभा राहून तो काय मारत होता, ते सांगायला नको. पण या सगळ्यांत थोर शेतातली लाइन. पंपाची थ्री फेज पाळीने यायची, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की काका बॅटरी घेऊन गव्हाला पाणी भरायला निघायचे. दाराशी चपला वाजल्या की काकू अंथरुणातूनच अहिराणीत विचारायची, ‘लाइन शे का?’ काका लगेच परतले तर उत्तराची गरज नसे. ‘वीज आहे का’ असे तिने विचारले असते तर काकांनी आधी आभाळाकडे पाहिले असते. आमच्याकडे वीज पडते. येते-जाते ती लाइन.

भाषाशुद्धीची मी टिंगल करत नाही. सावरकरांनी दिलेले दिनांक, महापौर हे शब्द आज कोणाला नवे वाटतात? आमच्या खानदेशात, जळगावला १९३६ साली साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष होते माधव जूलियन. फारसी शिकवणारा माणूस. पण दोनच वर्षांनी त्यांचे पुस्तक आले ते ‘भाषाशुद्धि-विवेक’. त्या नावात विवेक आहे, घंटा नाही.

आणि पहिला नंबर कोणाचा आला? ज्याच्या भाषणात एकही इंग्रजी शब्द नव्हता त्याचा. त्याचे शेवटचे वाक्य होते : ‘दिवसाच्या शेवटी आपण सर्व मराठी आहोत.’ टाळ्या पडल्या. दिवसाच्या शेवटी म्हणजे काय हो, संध्याकाळी? सकाळी आपण कोण असतो? मुलाचा दोष नाही, भाषण मोठ्या माणसाने लिहिलेले दिसत होते. पण शब्द सगळे आपले आणि वाक्य मात्र साहेबाचे, हे घंटेला ऐकूच येत नाही. नाम परके आले तर क्रियापद त्याला कामाला लावते. वाक्यच परके झाले की आपली नामे त्याच्या घरी नोकरीला लागतात. मुलांना शब्दांची यादी देऊ नका, आजीशी फोनवर भांडू द्या. मराठी तिथे आहे.

फार उपदेश झाला, माफ करा. परीक्षक घरचेच आहेत आणि शनिवार-रविवार फुकट राबतात, हे मला माहीत आहे. स्पर्धेची सूचनाच इंग्रजीत आली होती, त्यावर मी बोलत नाही. अहिराणीला ‘गावाकडची गंमत’ म्हणून विनोदी कार्यक्रमातच बोलावतात, त्यावर तर एक वेगळा लेख होईल.

तूर्त कार्यकारिणीला एवढीच विनंती, पाडव्याच्या स्पर्धेआधी नियम बदला. मुलाने दोन मिनिटांत एखादी म्हण, एखादा वाक्प्रचार नेमका वापरला तर एक गुण जास्त द्या, मग त्यातला शब्द इंग्रजी असो की अरबी. घंटा ठेवायचीच असेल तर ती भाषणे लिहून देणाऱ्या पालकांसाठी ठेवा. वाजवायला मी येतो.